आफ्रिकीकृत मधमाश्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजमाध्यमांवर ‘किलर बी’ या नावाने अधूनमधून चित्रफिती फिरतात आणि त्यांच्या मागोमाग तेच ते प्रश्न येतात: या माश्या प्रयोगशाळेत तयार केल्या का, त्यांचे विष जास्त जहाल असते का, त्या आपल्याकडे येतील का. पुढील उत्तरांत या माश्यांचा इतिहास आणि जीवशास्त्र एकत्रच मांडले आहे, कारण या प्रकरणात एक समजल्याशिवाय दुसरे समजत नाही.

आफ्रिकीकृत मधमाशी म्हणजे नेमकी कोणती मधमाशी?

ती स्वतंत्र प्रजाती नाही. मधपेट्यांमध्ये जगभर पाळली जाणारी माशी एपिस मेलिफेरा या प्रजातीची असून युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशिया हे तिचे मूळ प्रदेश आहेत. त्या विस्तीर्ण पट्ट्यात हवामानानुसार तिच्या दोन डझनांहून अधिक उपजाती घडल्या. इटलीतील लिगुस्टिका ही त्यांपैकी मधपाळांची सर्वात आवडती, तर पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ पठारांवर राहणारी स्कुटेलाटा ही दुसऱ्या टोकाची उपजाती. दक्षिण अमेरिकेत आणलेली स्कुटेलाटा आणि तेथे आधीपासून असलेल्या युरोपीय माश्या यांच्या मिश्रणातून जी लोकसंख्या निर्माण झाली, तिला आफ्रिकीकृत मधमाशी म्हटले जाते.

अमेरिका खंडात मुळात एपिस वंशाची एकही माशी नव्हती. ब्राझीलमध्ये युरोपीय मधमाशी १८३९ मध्ये पोर्तुगालहून आली. त्याआधी तेथील आदिवासी मध काढत तो नांगी नसलेल्या मेलिपोना गटातील माश्यांचा. कोकणात आणि सह्याद्रीत भिंतीच्या फटीत वा झाडाच्या ढोलीत दिसणारी पोयाची माशी याच व्यापक कुळातली आहे.

या माश्या ब्राझीलमध्ये कोणी आणि कशासाठी आणल्या?

वॉरविक एस्तेवाम केर या ब्राझिलियन आनुवंशशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये त्या आणल्या. युरोपातून आलेल्या माश्या समशीतोष्ण हवामानाला सरावलेल्या होत्या. ब्राझीलच्या उष्ण व दमट भागांत त्या जगत, पण मधाचे उत्पादन जेमतेम असे. दक्षिण आफ्रिकेतील मधपाळांना स्कुटेलाटापासून भरघोस मध मिळतो हे केर यांना ठाऊक होते. ही माशी तापट आहे, याचीही त्यांना पूर्ण कल्पना होती. तिच्या राण्या आणून, युरोपीय माश्यांशी संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करत शांत आणि उष्ण प्रदेशात टिकणारी, भरपूर मध देणारी माशी घडवायची, अशी त्यांची योजना होती. त्यानुसार त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया आणि आजच्या टांझानियातील ताबोरा या भागांतून राण्या मिळवल्या.

ही माशी ‘प्रयोगशाळेत बनवलेली’ आहे हा समज म्हणून चुकीचा आहे. संकर हा मधपाळांचा जुना मार्ग असून त्यात जनुकांशी थेट छेडछाड कोणी केलेली नव्हती. केर हे पुढे ब्राझीलच्या लष्करी राजवटीचे उघड टीकाकार बनले, त्यांना अटकही झाली, आणि माश्यांवरून त्यांच्याविरुद्ध उठलेल्या ओरडीला त्या राजकारणाचाही रंग होता. आनुवंशशास्त्रात नांगीविरहित माश्यांवरील त्यांचे संशोधन आजही प्रमाण मानले जाते. सामान्य वाचकाला मात्र त्यांचे नाव या एकाच घटनेमुळे माहीत होते.

मग त्या सुटल्या कशा?

आफ्रिकी राण्यांच्या वसाहती साओ पाउलो राज्यातील रिओ क्लारोजवळच्या निलगिरीच्या रानात ठेवल्या होत्या. प्रत्येक पेटीच्या तोंडाशी राणीरोधक जाळी बसवलेली होती. या जाळीची छिद्रे कामकरी माशीला पार होता येतील एवढीच असतात आणि अंगाने मोठी असलेली राणी व नर आतच अडकून राहतात. १९५७ मध्ये तेथे आलेल्या एका मधपाळाने, या जाळ्यांमुळे कामकरी माश्यांच्या ये-जा करण्यात अडथळा येतो असे वाटून, त्या काढून टाकल्या. ही गोष्ट लक्षात येईपर्यंत २६ वसाहती राण्यांसह निघून गेल्या होत्या.

सर्व दोष त्या एका माणसावर टाकणे सोपे आहे, पण ते पुरेसे वाटत नाही. उष्ण कटिबंधातील खुल्या रानात, फुलोऱ्याच्या प्रदेशात, वसाहती फोडून पसरणे हाच जिचा स्वभाव अशा माशीला पत्र्याच्या जाळीवर विसंबून रोखून धरण्याचा बेत मुळातच नाजूक होता.

त्या किती वेगाने आणि कुठवर पसरल्या?

वर्षाला साधारण ३०० ते ५०० किलोमीटर या गतीने. कीटकांच्या प्रसाराच्या इतिहासात हा वेग असामान्य आहे. दक्षिणेकडे त्या अर्जेंटिनाच्या मध्यभागापर्यंत जाऊन थबकल्या. उत्तरेकडे मात्र अॅमेझॉनचे खोरे ओलांडून व्हेनेझुएला, १९८२ मध्ये पनामा, १९८६ मध्ये मेक्सिको आणि ऑक्टोबर १९९० मध्ये टेक्सासमधील हिदाल्गो असा त्यांचा मार्ग राहिला. १९९३ मध्ये त्या अॅरिझोनात, १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात पोहोचल्या आणि २००५ पर्यंत फ्लोरिडातही स्थिरावल्या. मेक्सिको आणि अमेरिका यांनी मिळून चिंचोळ्या भूभागांत आमिषपेट्या लावून थवे पकडण्याची व मारण्याची मोहीम चालवली, परंतु तिने ही वाटचाल थांबली नाही.

संकर होत गेला, तर आफ्रिकी गुण विरळ का झाले नाहीत?

या संपूर्ण विषयातील सर्वात रंजक प्रश्न हाच आहे. सुरुवातीला बहुतेक तज्ज्ञांची अपेक्षा अशी होती की २६ वसाहतींचे रक्त ब्राझीलमधील असंख्य युरोपीय वसाहतींत मिसळून पातळ होत जाईल आणि काही वर्षांत मधल्या स्वभावाची माशी उरेल. प्रत्यक्षात हजारो किलोमीटर दूर मेक्सिकोत पोहोचलेली माशीही वागण्यात आणि अंगाने जवळजवळ आफ्रिकीच होती.

१९८९ मध्ये या कोड्याचा मोठा भाग उलगडला. पेशीतील मायटोकाँड्रियाचा डीएनए केवळ आईकडून येतो, त्यामुळे त्यावरून राण्यांची वंशरेषा मागे नेता येते. आघाडीवरच्या रानटी वसाहतींचा मायटोकाँड्रियल डीएनए आफ्रिकी असल्याचे आढळले. म्हणजे आफ्रिकी नर युरोपीय राण्यांशी संग करत पुढे सरकले असे नसून आफ्रिकी राण्यांच्या मुली, नाती, पणत्या स्वतः थव्यांनिशी खंड पार करत गेल्या होत्या. पुढच्या जनुकीय अभ्यासांत ब्राझीलमधील या माश्यांच्या केंद्रकीय डीएनएपैकीही तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग आफ्रिकी असल्याचे दिसले.

याची कारणे अनेक आहेत. राणी आयुष्याच्या आरंभीच उड्डाणात दहा-वीस नरांशी संग करते आणि त्यांचे शुक्रजंतू साठवून आयुष्यभर वापरते. रानात आफ्रिकी वसाहती दाट असल्या आणि त्या नरही भरपूर वाढवत असल्या, की युरोपीय राणीच्या वाट्यालाही बहुसंख्य आफ्रिकी नर येतात. हे नर युरोपीय पेट्यांत शिरून तेथे फुकटचे अन्न खातात, आणि त्यांच्या उपस्थितीमुळे ती वसाहत स्वतःचे नर कमी वाढवते. शिवाय आफ्रिकी बापाची राजकन्या कोषातून थोडी आधी बाहेर पडते, आणि पोळ्यात आधी बाहेर पडलेली राणी कोषातल्या बहिणींना नांगी मारून संपवते. काही तासांचा हा फरक पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो. त्यातच संकरित माश्यांची उड्डाणशक्ती दोन्ही शुद्ध वंशांहून कमी पडत असल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे, त्यामुळे मधल्या प्रकारची माशी रानात मागे पडते.

अंड्यापासून माशीपर्यंत वाढ कशी होते आणि तिला किती दिवस लागतात?

सर्व मेलिफेरा माश्यांत टप्पे तेच असतात: अंडे, अळी, कोष आणि प्रौढ माशी. राणी प्रत्येक कोठडीत एक अंडे उभे चिकटवते. तीन दिवसांनी अळी बाहेर येते. पहिल्या दिवसांत सर्व अळ्यांना दाया माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींचा स्राव मिळतो. जिला राणी करायचे त्या अळीला हा स्राव, म्हणजे राजान्न, शेवटपर्यंत आणि विपुल मिळतो, तर कामकरी होणाऱ्या अळीच्या खाण्यात पुढे पराग व मध येतात. फलित अंड्यातून ३२ गुणसूत्रांची मादी घडते, आणि ती राणी होणार की कामकरी हे मुख्यत्वे आहार ठरवतो. अफलित अंड्यातून १६ गुणसूत्रांचा नर जन्मतो. नराला बाप नसतो, आजोबा मात्र असतो.

युरोपीय कामकरी माशीला अंड्यापासून बाहेर पडेपर्यंत २१ दिवस लागतात. आफ्रिकीकृत माशीला १९ ते २० दिवस पुरतात. राणी युरोपीय वसाहतीत १६ व्या दिवशी, तर आफ्रिकीकृत वसाहतीत साधारण एक दिवस आधी बाहेर येते. नरांना दोन्हींकडे सुमारे २४ दिवस लागतात. आफ्रिकीकृत माशीची कोठडीही लहान असते: युरोपीय कामकरी कोठडीची रुंदी ५.२ ते ५.४ मिलिमीटर, तर हिची सुमारे ४.९ मिलिमीटर. पोळ्याच्या तेवढ्याच जागेत जास्त अळ्या मावतात आणि त्या लवकर तयार होतात. बाहेर पडलेली कामकरी माशी मकरंद-पराग आणायच्या कामालाही युरोपीय माशीपेक्षा कमी वयात लागते आणि तिचे आयुष्यही साधारणपणे तोकडे असते. सगळे आयुष्यच असे घाईचे आहे.

या वसाहती इतक्या वेळा का फुटतात?

वसाहत फुटते तेव्हा जुनी राणी बऱ्याच कामकरी माश्यांसह बाहेर पडते आणि मागे नव्या राणीसाठी घर सोडते. कधी त्यामागोमाग कुमारी राण्यांचे छोटे थवेही निघतात. युरोपीय माशी हे वर्षातून एकदा, बहुधा वसंतात करते. आफ्रिकीकृत वसाहत अनुकूल वर्षात तीन-चार वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा फुटते, आणि तिच्यापासून निघालेल्या वसाहतीही त्याच वर्षी फुटू शकतात.

हा फरक हवामानाने घडवला आहे. युरोपात लांब हिवाळा काढायचा तर मोठा साठा, मोठी ढोली आणि बऱ्याच माश्या लागतात, म्हणून तेथील वसाहत साधारण ४० लिटरची पोकळी पसंत करते. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात थंडीचा प्रश्न नाही. तेथे पाऊस बेभरवशाचा, फुलोरा आला की एकदम येतो आणि दुष्काळ, वणवा किंवा शत्रू यांच्यापुढे साठा असून नसल्यासारखा. अशा जागी मध साठवण्यापेक्षा तो अळ्यांत घालून चार नव्या वसाहती उभ्या करणे फायद्याचे ठरते. म्हणून या माश्यांना निम्म्या आकाराची पोकळीही चालते: झाडाची ढोली, जुने टायर, नळमीटरची जमिनीतली पेटी, उलटी पडलेली कुंडी. जागा मिळाली नाही तर त्या फांदीखाली उघड्यावरही पोळी बांधतात.

पलायन आणि वसाहत फुटणे यांत फरक काय?

पलायनात मागे कोणी राहत नाही. अन्न संपले, पाणी आटले, मुंग्या शिरल्या किंवा पेटी वारंवार उघडली गेली, की संपूर्ण वसाहत राणीसह घर सोडते. दुष्काळी पलायनापूर्वी माश्या नवी अंडी वाढवणे थांबवतात, असलेली अळी-कोष शक्यतो बाहेर पडू देतात, पोटभर मध भरून घेतात आणि मग निघतात. आपल्याकडील सातेरी माशी पाळणाऱ्यांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे, कारण तीही जरा त्रास झाला की पेटी रिकामी करते. युरोपीय मेलिफेरामध्ये मात्र तो क्वचितच दिसतो.

त्या दुसऱ्यांच्या पेट्या खरोखर बळकावतात का?

होय, आणि हे पाहणे विलक्षण असते. मुठीएवढा छोटा थवा एखाद्या युरोपीय पेटीवर येऊन बसतो. बहुधा ती वसाहत राणीविना असते किंवा तिची राणी कमजोर असते. पहारेकरी माश्यांशी किरकोळ झटापट होते, काही आगंतुक मारल्या जातात, पण बाकीच्या हळूहळू आत मिसळतात. त्यांची स्वतःची राणी या काळात कामकरी माश्यांच्या गोळ्यात सुरक्षित असते. आतली राणी नाहीशी होते, आफ्रिकी राणी अंडी घालू लागते, आणि दीड-दोन महिन्यांत जुन्या कामकरी माश्या मरून त्यांच्या जागी नव्या राणीच्या मुली येतात. मधपाळाच्या दृष्टीने पेटी तीच, रंगही तोच, पण एके दिवशी झाकण उघडल्यावर आतून काहीतरी वेगळेच बाहेर येते. अॅरिझोनात या प्रकाराचा तपशिलाने अभ्यास झाला आहे.

त्या इतक्या चटकन आणि इतक्या मोठ्या संख्येने का चावतात?

बोलीत आपण ‘चावतात’ म्हणतो, प्रत्यक्षात त्या नांगी मारतात. एकटी माशी फुलावर असताना युरोपीय माशीइतकीच निरुपद्रवी असते. फरक घरट्याजवळ दिसतो. पहारेकरी माशीने नांगी मारली की नांगीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून आयसोअमाइल अॅसिटेट हा गंध सुटतो. माणसाच्या नाकाला तो पिकलेल्या केळ्यासारखा वाटतो. पोळ्यातल्या माश्यांसाठी मात्र ती धोक्याची हाक असते. युरोपीय वसाहतीत त्या हाकेला काही डझन माश्या धावतात, तर आफ्रिकीकृत वसाहतीत शेकडो, कधी हजारो, आणि तेही काही सेकंदांत.

हे मोजूनही पाहिले गेले आहे. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हेनेझुएलातील आफ्रिकीकृत आणि लुइझियानातील युरोपीय वसाहतींसमोर आधी धोक्याचा गंध सोडला गेला, मग पेटीच्या तोंडाशी सुएड चामड्याचे तुकडे हलवले गेले, आणि नंतर त्यांत रुतलेल्या नांग्या मोजल्या गेल्या. आफ्रिकीकृत माश्यांनी सुमारे आठपट नांग्या मारल्या. त्या पाठलागही दूरवर करतात, कित्येकदा काहीशे मीटर, आणि एकदा खवळल्यावर वसाहत तासन्‌तास तापलेली राहते. यंत्रांची घरघर, गवत कापणीचा हादरा, गडद रंगाचे कपडे आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड या गोष्टी त्यांना चेतवतात, म्हणून हल्ल्याचा भर चेहऱ्यावर असतो.

यामागेही आफ्रिकाच आहे. तेथे मधबिज्जू पोळी फोडतो, मुंग्यांच्या फौजा शिरतात, आणि माणूस तर हजारो वर्षे आग व धूर घेऊन मध लुटत आला आहे. ज्या वसाहतींनी आधी हल्ला केला त्याच वाचल्या. युरोपात माणसाने उलट दिशेने निवड केली, कारण जी पेटी हाताळायला सोपी तिच्या राण्या वाढवल्या गेल्या. संकरात बापाकडून आलेला आफ्रिकी वारसा हा तापटपणा अधिक ठळकपणे पुढे नेतो असेही प्रयोगांत दिसले आहे.

त्यांचे विष अधिक जहाल असते का?

नाही. विषाचे घटक जवळजवळ तेच आहेत. त्याच्या कोरड्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग मेलिटिन या पेप्टाइडचा असतो. माशी लहान असल्याने एका नांगीतून जाणारे विष उलट किंचित कमीच भरते. धोका संख्येत आहे. अॅलर्जी नसलेल्या प्रौढ माणसाच्या जिवावर बेतायला साधारण हजारापेक्षा जास्त दंश लागतात असा अंदाज आहे. मुले, वृद्ध आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना त्याहून पुष्कळ कमी दंशांनीही धोका संभवतो. इतके विष एकदम शरीरात गेले की तांबड्या रक्तपेशी आणि स्नायू फुटतात, त्यांतले प्रथिन मूत्रपिंडांत अडकते आणि मृत्यू काही दिवसांनीही ओढवू शकतो. ज्याला विषाची तीव्र अॅलर्जी आहे त्याला मात्र कोणत्याही मधमाशीचा एक दंश पुरतो, आणि तो प्रश्न वेगळा आहे. ब्राझीलमधील बोतुकातू येथील साओ पाउलो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी सामूहिक दंशांवर खास प्रतिविष तयार करून त्याच्या मानवी चाचण्याही केल्या आहेत.

डोळ्यांनी पाहून त्या ओळखता येतात का?

येत नाहीत. आकार सुमारे १० टक्क्यांनी लहान असतो, एवढ्यावरून उडती माशी ओळखणे अशक्य आहे आणि रंगही फसवतो. पंखांच्या शिरा, मागचा पाय, शरीरभाग यांची अनेक मोजमापे संगणकात घालून किंवा डीएनए तपासूनच निदान होते. स्वभावावरून अंदाज बांधणेही धोक्याचे, कारण एखादी युरोपीय वसाहतही वाईट दिवसात भयंकर वागू शकते.

त्या थंड प्रदेशांत का पोहोचल्या नाहीत?

हिवाळ्यासाठी लागणारा साठा त्या करत नाहीत आणि कडाक्याच्या, लांबलेल्या थंडीत एकमेकींना बिलगून, घट्ट गोळ्यात राहून तग धरण्यात त्या कमी पडतात. अर्जेंटिनात त्यांची सीमा साधारण ३४ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास थांबते. तिच्या आसपास मिश्र पट्टा आहे, आणि पुढे युरोपीय माश्या आहेत.

ब्राझीलमधील मधमाशीपालन बुडाले का?

पहिली काही वर्षे तसेच वाटत होते. माणसे आणि जनावरे दगावली, शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, आणि हौशी मधपाळांनी पेट्या सोडून दिल्या. जे टिकले त्यांनी माशी बदलण्याऐवजी कामाची पद्धत बदलली. पेट्या वस्तीपासून व गोठ्यांपासून दूर नेल्या. एका लांब ओट्यावर दहा पेट्या ठेवण्याऐवजी प्रत्येक पेटीला स्वतंत्र घडवंची दिली, म्हणजे एक हादरली तर बाकीच्या खवळत नाहीत. धुराडी मोठी घेतली, पोशाख पांढरा आणि दुहेरी केला, आणि एकट्याने काम करण्याची सवय मोडली. एक जण केवळ धूर देत राहतो आणि दुसरा चौकटी काढतो, ही तेथील सर्रास पद्धत झाली. सोबत शांत वसाहतींच्या राण्यांची निवडही चालू राहिली.

आज ब्राझील मधाच्या मोठ्या निर्यातदार देशांपैकी एक आहे आणि तो जवळपास सगळा मध आफ्रिकीकृत माश्यांचा असतो. ईशान्येकडील पिआउईसारख्या कोरड्या राज्यांत रानफुलांवरचा सेंद्रिय मध हा लहान शेतकऱ्यांचा उत्पन्नाचा आधार बनला. मिनास जेराइसमधील हिरवा प्रोपोलिस, म्हणजे माश्यांनी झुडपांच्या कोंबांतून आणलेली राळ, जपानमध्ये चढ्या भावाने विकला जातो. केर यांचा मूळ हेतू, म्हणजे उष्ण प्रदेशात मध देणारी माशी, अशा वाकड्या वाटेने का होईना, साधला गेला, असे म्हणायला जागा आहे. त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना विचारून मात्र ती मोजली गेली नव्हती.

वरोआ माइटला त्या दाद देत नाहीत, हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी. वरोआ हा अळीवर वाढणारा तांबूस, कोळीवर्गीय परजीवी असून मूळचा आशियाई, म्हणजे आपल्या सातेरी माशीचा, जुना सोबती आहे. सातेरीत तो मुख्यतः नरांच्या कोठड्यांत वाढतो आणि वसाहत तगते. मेलिफेरावर आल्यावर त्याने युरोप आणि उत्तर अमेरिकेत असंख्य पेट्या ओस पाडल्या. ब्राझीलमध्ये तो १९७० च्या दशकात पोहोचला, तरीही तेथील बहुतेक मधपाळ औषध न वापरता पेट्या चालवतात. आफ्रिकीकृत माश्या आजारी कोष उकरून बाहेर फेकतात, अंगावरचे माइट झटकतात, वारंवार वसाहत फोडल्याने अळ्यांचे चक्रही खंडित होते. यांतले कोणते कारण किती महत्त्वाचे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

पोर्तो रिकोच्या माश्या शांत कशा झाल्या?

१९९४ मध्ये आफ्रिकीकृत माश्या या बेटावर पोहोचल्या आणि पुढील दहा-बारा वर्षांतच त्यांचा तापटपणा युरोपीय माश्यांच्या जवळपास येऊन ठेपला. अंगाने आणि बहुतांश जनुकांनी त्या आफ्रिकीच राहिल्या. बेट लहान, लोकवस्ती दाट, त्यामुळे त्रासदायक पोळी लोक लगेच नष्ट करत, तर शांत पोळी दुर्लक्षित राहून वाढत. मोठे शिकारी प्राणी नव्हते, आणि मुख्य भूमीवरून नवे थवेही येत नव्हते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या निवडीच्या खुणा गुणसूत्रांवर अनेक ठिकाणी सापडल्या. तापटपणा हा या माश्यांचा अटळ भाग नाही, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण नाही.

पिकांना त्यांचा उपयोग होतो का?

होतो. पनामात स्मिथसोनियन उष्णकटिबंधीय संशोधन संस्थेचे डेव्हिड रूबिक यांनी कॉफीच्या झुडपांवर केलेल्या अभ्यासात मधमाश्यांच्या भेटींमुळे उत्पादन ५० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे दिसले, आणि त्या बहुतांशी आफ्रिकीकृतच होत्या.

हल्ला झाल्यास काय करावे?

धावावे, सरळ रेषेत धावावे आणि थांबू नये. सदऱ्याने किंवा ओढणीने चेहरा झाकावा, पण वाट दिसेल असा. बंद खोली किंवा गाडी गाठावी. काही माश्या सोबत आत आल्या तरी बाहेरच्या शेकडोंपेक्षा त्या परवडतात. हात झटकू नयेत. पाण्यात उडी मारू नये, कारण डोके वर काढेपर्यंत माश्या घिरट्या घालत राहतात. सुरक्षित जागी आल्यावर त्वचेतील नांग्या नखाने किंवा कार्डाच्या कडेने ताबडतोब खरवडून काढाव्यात. नांगीला जोडलेली विषाची पिशवी माशी उडून गेल्यावरही आकुंचन पावत विष आत ढकलत असते, म्हणून कशाने काढले यापेक्षा किती लवकर काढले हे महत्त्वाचे. अनेक दंश झाले असतील, श्वास लागत असेल किंवा तोंड सुजत असेल तर रुग्णालय गाठण्यात वेळ घालवू नये.

हाच सल्ला सह्याद्रीतील किल्ल्यांवर, लेण्यांत आणि घाटांत आग्या माश्या उठतात तेव्हाही लागू होतो. आग्या माशी, म्हणजे एपिस डॉर्साटा, मोठी, उघड्या कड्यावर एकच भलेमोठे पोळे बांधणारी आणि सामूहिक हल्ल्यात आफ्रिकीकृत माशीइतकीच भयंकर असते. मोहोळाखाली चूल पेटवणे, फटाके वाजवणे किंवा दगड मारणे एवढे पुरते.

भारतात आफ्रिकीकृत मधमाशी आहे का?

नाही. आपल्याकडच्या पेट्यांतील मेलिफेरा युरोपीय, मुख्यतः इटालियन वंशाची आहे. तिची यशस्वी सुरुवात १९६० च्या दशकात हिमाचलमधील नग्रोटा येथे झाली आणि नंतर ती उत्तरेच्या सपाट प्रदेशात पसरली. महाराष्ट्रात महाबळेश्वर-जावळीच्या पट्ट्यात सातेरी पाळण्याची परंपरा जुनी आहे, आणि पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आपल्याला भेटणाऱ्या तापट माश्या आपल्याच आहेत.

वरोआवर उपाय म्हणून त्यांच्या राण्या भारतात आणणे शहाणपणाचे ठरेल का?

ठरणार नाही. आपल्या हवामानात त्यांना थंडीची सीमा जवळजवळ कुठेच आडवी येणार नाही, आणि सातेरी व फुलोरी माश्यांशी त्यांची स्पर्धा होईल. त्यांच्याबरोबर नवे रोग येऊ शकतील, आणि राणी मोकळ्या आकाशात संग करत असल्याने एकदा बाहेर गेलेला वंश परत आणता येत नाही. वरोआशी जुळवून घेतलेली माशी हवी असेल तर ती आधीच आपल्या घरी आहे: सातेरीने या माइटबरोबर हजारो पिढ्या काढल्या आहेत.